गाडीखालचा पुठ्ठा

अठराशे लारीत ओपेल मिळते
तेव्हा तोंड मिटून पैसे मोजायचे असतात.
मी तरी विचारलंच, "गळते का?"
जुम्बेर हसला. म्हणाला,
"जी गळत नाही
तिच्यात गळायला काही उरलेलं नसतं."
माणूस लबाड, पण हे खोटं नव्हतं बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रुस्तावीत, आमच्या इमारतीच्या अंगणात
ओतिया उकिडवा बसलेला, बोट जमिनीला लावून.
चाळीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात फिटर,
आता त्याच्या हातांना या अंगणाखेरीज गिऱ्हाईक नाही.
केळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून आणला,
इंजिनाखाली सरकवला.
"रात्रभर राहू दे. सकाळी वाच."

वाचायला शिकलो.
काळा, पुढे डावीकडे: ऑइल.
वरच्या झाकणाचं गॅस्केट गेलंय. लगेच काही होत नाही,
भर घालत राहायचं.
लाल, पातळ: स्टिअरिंगचं.
हिरवा, बोटांना चिकट, वासाला गोड: कूलंट.
"चाटू नकोस. मांजरालाही चाटू देऊ नकोस."
नुसतं पाणी असेल तर एसीचं,
पण हिचा एसी माझ्याकडे येण्याआधीच वारला होता
म्हणून पाणी दिसलं की आधी मांजराकडे बघायचं.
"आणि चाकाच्या आतून ओल आली,
फिकट, तेलकट, तर किल्ली मला आणून दे.
ते ब्रेकचं.
बाकीच्यांशी बोलणी करता येतात."

रविवारी एतेरीचा फोन यायचा, इटलीहून, बारीहून.
"गाडी कशी आहे?"
"झकास."
"तुझा गुडघा?"
"झकास."
मागे कुणी म्हातारा खोकायचा.
"ठेवते," म्हणायची.

तिने पाठवलेल्यातून एक नळी घेतली.
रेडिएटर घेतला नाही, गॅसचं बिल होतं.
कुणी म्हणालं, मोहरीची पूड टाक, छिद्र बुजतं.
टाकली. तीन दिवस पुठ्ठा कोरडा,
मी ओतियाला वाइन पाजली.
चौथ्या दिवशी थेंब परत, आता पिवळसर.

सात वर्षांनी ती आली.
कुतैसीच्या विमानतळावरून घरी,
मध्ये रिकोतीचा घाट,
डिकीत तिच्या बॅगांखाली दोन लिटर ऑइल
आणि पाण्याच्या नऊ बाटल्या, कोटाने झाकलेल्या.
घाटात सुई चढत गेली.
मी हीटर लावला, काचा उघडल्या,
मे महिन्यात, आणि म्हटलं, हवा छान आहे.
सुरामीत, गोड पावांच्या टपऱ्यांपाशी,
बॉनेटमधून वाफ आली.

थाप तयार होती. सात-आठ थापा तयार होत्या.
ती उतरून जवळ आली, नाक वर करून वास घेतला.
"दिवसाला किती जातं?"
"काय?"
"मोजतोस का?"
म्हटलं, पुठ्ठा आहे.

पाववालीने दोन पाव दिले, गरम, मनुकांचे.
इंजिन निवेपर्यंत आम्ही कठड्यावर बसलो.
"त्या म्हाताऱ्याची पिशवी," ती म्हणाली,
"दर चार तासांनी. किती आत गेलं,
किती बाहेर आलं, रंग कसा.
अकरा वह्या भरल्या.
डॉक्टर यायचा तो आधी वही बघायचा,
मग त्याच्याकडे."
मग पाव तोडला. "फेब्रुवारीत गेला.
शेवटचं पान मी अजून कुणाला दिलं नाही."
मी झाकणावर फडकं धरून
हळूच एक आटा फिरवला.

सकाळी बाल्कनीतून पाहिलं:
ओतिया टॉर्च धरून, आणि एतेरी जमिनीवर,
एक पाय सरळ लांब करून,
कारण तो गुडघा वाकतच नव्हता.
खाली गेलो.
नवा पुठ्ठा. कोपऱ्यात बॉलपेनने
तारीख, वेळ,
हिरवा, दोन चमचे. काळा, कालच्याइतकाच.
चाकं, चारही, कोरडी.
खाली रेघ मारून जागा सोडलेली,
चार तासांनंतरची.