जवारी

कुत्र्याचं तोंड उघडताना वरचा जबडा धरायचा,
त्याचेच ओठ त्याच्याच दातांवर दुमडून घ्यायचे,
म्हणजे चावला तर आधी स्वतःला चावतो.
हे मला कॉलेजात नाही,
बुधगावच्या एका मेंढरामागच्या कुत्र्यानं शिकवलं.
अंगठ्यावर अजून त्याची सही आहे.

तेव्हापासून तोंडंच बघते आहे.
टाळूला आडवं बसलेलं मटणाचं हाड,
दोन दाढांत, दाराच्या अडसरासारखं;
मालक लांबून ओरडतो, पिसाळलाय, जवळ जाऊ नका.
मी हातमोजे चढवते,
कारण एखाद्या वेळी मालकाचं खरंही असतं.

तासगावात बेदाण्याच्या शेडवरचा राखणीचा कुत्रा
रात्रभर ओकला, नंतर लघवीच बंद झाली.
"द्राक्षानं काय होतंय मॅडम? आमची पोरं त्यावरच वाढली."
तो गेला. शेडच्या दारावर मी खडूनं लिहून आले,
कुत्र्यांना बेदाणा घालू नये.
आठवड्यानं बघितलं तर त्यावर कुणी तरी
पेटीचा भाव लिहिला होता.

असो. सांगायचंय ते मांजराचं.

मिरजेच्या सतारींच्या गल्लीतून दस्तगीरचाचा आले,
वेताची टोपली, वर ओलं फडकं बांधलेलं,
बोटांना लाखेचा वास.
"तीन दिस झाले. पाण्यापाशी जाती नि माघारी येती.
लाळ गळतीया. पिवळं ओकती."
कार्डावर लिहायला नाव विचारलं.
"जवारी."
मी मान वर केली.
"गुरगुरती नव्हं, घोडी नुकती घासून बसवल्यावानी."
आत्ता गुरगुर नव्हती.
कापलेल्या भोपळ्याच्या अर्ध्या भागात झोपणारी ती,
टोपलीत कोपरा धरून बसली होती.

पोटाला हात लावू देईना.
मी हनुवटीखालून अंगठा वर दाबला,
जीभ उचलली गेली,
आणि मुळाशी दिसला
मांसात रुतून बसलेला बारीक दोरा,
दोन्ही बाजूंनी घशात उतरत गेलेला.

"पडदे बांधायचा हाय," चाचा म्हणाले. लगेच.
आपलं अक्षर आपण ओळखावं, तसं.
आणि हात पुढं केला, ओढायला.

ओढू नका!
माझ्या आवाजानं बाहेरच्या बाकावरचं पामेरियन भुंकायला लागलं.
चाचा, एक टोक इथं अडकलंय, दुसरं पुढं चाललंय,
आतडं त्यावर चढत, गोळा होत बसतं
लेंग्यात नाडी ओढल्यावर कापड होतं तसं.
हिसका दिला तर दोरा आतून चिरत येईल.

ते गप्प झाले.
"ताण कळतो मला," म्हणाले,
आणि तो हात मांडीखाली घेऊन बसले.

आधी जिभेखाली कात्री घातली.
टक्.
एवढाच आवाज.
मग पोट उघडलं. आतड्याच्या चुण्या, जांभळट,
तीन ठिकाणी छेद घेऊन सोडवत सोडवत
वीतभर, आणखी वीतभर दोरा,
शेवटी मेणाची एक गोळी.
मग मीही दोऱ्यानंच शिवलं.
माझा विरघळणारा होता.

चाचांनी तो दोरा मागितला नाही.
पैसे मोजताना, खाली बघत,
"रात्री तुकडे मीच पाडले असणार.
ओरडलो मात्र पोराला."

दहाव्या दिवशी टाके काढायला आले.
जवारीनं टेबलावरची वाटी चाटून पुसून ठेवली,
माझ्या मनगटावर जीभ फिरवून बघितली, खरखरीत,
आणि छातीत कुठं तरी काही सुरू झालं.
बारीक. थांबत थांबत.

मी स्टेथोस्कोप उचलला.
चाचांनी नुसता कान टेकला,
डोळे मिटले,
बराच वेळ काही बोलले नाहीत.

"अजून बंद लागतीया," शेवटी म्हणाले.
"उघडंल. घाई करायची न्हाई."