पाच गुणांचा प्रश्न

अप्पा बळवंत चौकातून आणलेला प्रश्नसंच,
जुना, ऐंशी रुपयांचा.
समासात आधीच्या कुणाचं तरी पेन्सिलीतलं अक्षर:
‘हे बाई विचारत नाहीत.’ ‘हे येणारच.’
आणि एके ठिकाणी नुसतंच ‘भूक’.

सूक्ष्मजीवांचे प्रश्न मला पाठ आहेत.
ग्रॅम रंजन: आधी जांभळा, मग आयोडीन,
मग अल्कोहोलने धुणं,
धुऊनही ज्यांचा जांभळा जात नाही ते पॉझिटिव्ह.
बाकीच्यांवर गुलाबी चढतो.
रंग दिसत असला की सगळं सोपं असतं.

मुठेचं पाणी आम्ही लकडी पुलाखाली भरलं होतं.
कोंडे काकांनी बाटली अंगापासून लांब धरली,
बाळाची ओली दुपटी धरावी तशी.
दोन दिवसांनी प्रत्येक नळीत वायूचा बुडबुडा.
आफरीन म्हणाली, नदीला पैकीच्या पैकी.

मग ‘व्यायामाने नाडीचे ठोके का वाढतात?’
त्यासाठी पर्वती चढून झाली, मनगटावर बोटं ठेवून.
पायथ्याशी अठ्ठ्याहत्तर, वर एकशे बत्तीस.
मधल्या पायरीवर आफरीनचे एकदम वाढले,
तेव्हा वरून कोण उतरत होतं
त्याची नोंद जर्नलमध्ये नाही.

प्रश्न चौदा.
‘सोबतच्या वंशावळीचा अभ्यास करून
क्रमांक सातची स्त्री वाहक असण्याची शक्यता काढा.’
चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री,
भरलेला चौकोन म्हणजे लाल-हिरवा वर्णांध.
समासात ‘हे येणारच’,
आणि खाली उत्तर लिहून इतकं खोडलेलं
की कागद पातळ झालाय.

मी भरलेल्या चौकोनाकडे बघत राहते
आणि तो दिगंबर मामा होतो.

मंडईतून हिरवे टोमॅटो आणणारा.
‘लाल आणलाय बघ’ म्हणून
मला शेवाळी फ्रॉक देणारा, चौथीत,
तो मी रडत रडत घातला होता.
रेल्वेची लेखी पास झाला, मेडिकलला परत आला.
घरी सांगितलं, छाती कमी भरली.
त्या ठिपक्यांच्या पुस्तकाबद्दल
तो कुणाशी बोलला नाही, किंवा बोलला असेल,
आपल्याकडे ऐकतं कोण.
आता बोहरी आळीत बिजागऱ्या आणि कड्या विकतो.

त्याच्या वरचं वर्तुळ आजी.
आत एक ठिपका, म्हणजे वाहक.
जिने त्याला जन्मभर धांदरट म्हटलं
तिच्याचकडून आलं होतं ते,
तिलाही न सांगता.

आई: निम्मी शक्यता.
पण तन्मय सिग्नल बरोबर ओळखतो,
मुलगा निर्दोष निघाला की आईची शक्यता उतरते
(हे पेन्सिलवालीला सुचलेलं दिसत नाही),
म्हणून आई एक तृतीयांश.
आणि सातवं वर्तुळ,
ज्यात मी नकळत गोलगोल पेन फिरवतेय,
एक षष्ठांश.
लुडोत पहिलं दान पडावं, तेवढं.

लायब्ररीच्या जिन्यात जाऊन मामाला फोन लावला.
मागे तराजूत खिळे ओतल्याचा आवाज.
अभ्यासाचं विचारेन म्हणाले होते,
विचारलं भलतंच:
टोमॅटो हिरवे का आणायचास रे?

तो थोडा वेळ गप्प होता.
गिऱ्हाइकाला म्हणाला, चार इंची संपलीत.
मग मला म्हणाला,
‘आई सांगायची, घट्ट बघून आण.
मी दाबून दाबून घट्टच आणायचो गं.’

परत जागेवर येऊन आकडेमोड पूर्ण केली.
पायऱ्या दाखवल्या, बाई पायऱ्यांना गुण देतात.
आणि ‘हे येणारच’च्या खाली
निळ्या पेनाने लिहिलं,
आलं असेल, नसेलही.
पेन निळंच आहे.
आफरीनला विचारून घेतलं.