सबुरीची शिंक

टॅक्सी दाराशी, बॅगा डिकीत.
आईच्या हातात पाण्याचा वाडगा,
सूदाबेहच्या पाठीमागं ओतायला,
म्हणजे गेलेलं माणूस परततं.

आणि बाबा शिंकले.
एकदाच.

"सब्र आमद," मावशी म्हणाली. सबुरी आली.
ड्रायव्हरनं निमूट इंजिन बंद केलं;
यझ्दमध्ये एकट्या शिंकेशी कुणी वाद घालत नाही.
दुसरी आली तर जख्त, निघा, पळत निघा.
नाही आली तर बसा.
बसलो. पायरीवर, बॅगेवर, चाकाला टेकून.

फर्रुखकाका, निवृत्त मास्तर, सुरू झाले:
शिंकेसरशी प्राण नाकाच्या उंबऱ्यापर्यंत येतो म्हणे,
तो घरात परतेतो थांबायचं.
मावशी म्हणाली, कसला प्राण!
वादळाआधीच्या धुळीनं
काफिल्यातला पहिला उंट शिंकायचा,
शहाणे तिथंच तळ ठोकायचे.

बाबा गप्प. रुमालाची घडी घालत होते,
जरा जास्तच जपून.
घडीत मिरीची पूड होती.
मला दिसली. सूदाबेहलाही.

ती त्यांच्याजवळ जाऊन बसली,
बुटाची नाडी सोडली, बांधली,
पुन्हा सोडली.
कधीतरी, अशाच एका दारात,
कुणीतरी पहिल्यांदा खोटं शिंकलं असणार.
उंट, प्राण वगैरे मागाहून आले.

चहा आला. वारा सुटला, गल्लीत धूळ.
ड्रायव्हरनं पेला खाली ठेवला, डोळे मिटले,
आणि दोन बोटांनी
नाक गच्च दाबून धरलं.