फळ्याचा खालचा अर्धा

डॉक्टर म्हणाले, खांदा गोठलाय.
ठाण्यात काय गोठतं, सांगा मला.
आमच्या चरईच्या घरात
मे महिन्यात खोबरेलाचंही पाणी होतं.

गोळ्या दिल्या. पोटात आग पडली.
व्यायाम दिला: भिंतीवर बोटं चढवत न्या, मुंगीसारखी.
मी स्वयंपाकघरात पेन्सिलीने खुणा केल्या,
मुलांची उंची मोजतात तशा.
दोन महिन्यांत माझा हात तीन बोटं वाढला.

शाळेत तारीख फळ्याच्या खालच्या अर्ध्यात उतरली.
सातवी 'ब'ला वाटलं, सरकारचा नवा नियम असेल.

ज्याला सांगावं त्याच्या खिशात एक पत्ता.
शिपाई म्हणाले, घणसोलीला हसुराम म्हात्रे, हाडवैद्य.
ओट्यावर बसवून त्याने खांद्यावर पंजा ठेवला,
डोळे मिटले,
आत कुणी बोलतंय का ऐकत राहिला.
"बाय, हार मोरला नाय.
मोरला असता तं बसवला असता. ह्यो माजा काम नाय."
पैसे घेतले नाहीत. चहा दिला, दुधाचा, गोडमिट्ट.

राबोडीच्या हकीमसाहेबांनी नाडीवर बोटं ठेवून
बलगम सांगितला, आगाशे वैद्यांनी वात.
एकाला ओल दिसली, एकाला वारा.
खाडीकाठच्या गावात दोन्ही खरं असेल.
दोघांच्या तेलांचे वास मात्र उशीवर भांडायचे.

कर्णिक डॉक्टरीण होमिओपॅथीच्या.
दीड तास विचारत होत्या.
कुठल्या कुशीवर झोपता? पाण्याची भीती?
मीठ वरून घेता का? राग कुणाचा गिळलाय?
मी हसले. मग हसता हसता
बऱ्याच वेळाने रुमाल शोधला.
तेवीस वर्षांत घरात कुणी विचारलं नव्हतं
मी मीठ वरून घेते का ते.
निघताना म्हटलं, या गोळ्यांत औषध किती?
"मोजायला गेलात तर सापडणार नाही," त्या म्हणाल्या.
"मी मानते. तुम्ही मानायलाच हवं असं नाही.
आणि हो, आधी रक्तातली साखर तपासून या."
दोनशे बारा निघाली.
साखरेच्या गोळ्यांनी साखर पकडून दिली.
तिच्यावरची गोळी मात्र पहिल्याच डॉक्टरांची.

ते पहिल्याच दिवशी हेही म्हणाले होते:
कधी कधी आपोआपही सुटतो, दीड-दोन वर्षं लागतात.
त्या वाक्याला ना चव होती ना वास,
ते मी विसरले.

जानेवारीतला मंगळवार. अपूर्णांक चालू होते.
मागच्या बाकावरून हिमांशू गायकर म्हणाला,
"बाई, आज तारीख वर कशी?"
वळून पाहिलं.
फळ्याच्या माथ्यावर, माझ्याच अक्षरात,
आणि मला आठवेना
हात कधी वर गेला ते.

घरी भिंतीपाशी उभी राहिले.
पेन्सिलीची सगळ्यात वरची खूण
आता कोपराच्याही खाली होती.
फडताळात दोन तेलं, लेपाची वाटी,
आणि गोळ्यांच्या बाटलीत मुंग्या,
एकेक पांढरा दाणा उचलून
शिस्तीत भिंत चढणाऱ्या.

श्रेय कुणाला द्यायचं?
प्रत्येकाने विचारलं तर प्रत्येकाला हो म्हणेन.
फोन मात्र एकट्या हसुरामला केला,
ज्याने काहीच केलं नव्हतं.
"झाला ना बरा?" तो म्हणाला.
"मंग ये चाय पिवाला.
साखर घालू का नको?"