पाचव्या दिवशीचं पाणी

पाणी पाचव्या दिवशी येतं, रात्री अडीचला.
साखर पेठेतली अख्खी गल्ली तेव्हा जागी असते,
म्हणून इरेशनं यायला तीच वेळ धरली.
लपायचंच नाही, म्हणाला.

मोटर त्यानं लावली, पाइप मी धरला.
तो चौतीस. मी सत्तेचाळीस.
समोरच्या पद्माक्का वजाबाकी करत राहिल्या,
त्यांची घागर वाहून गेली.

फारकतीच्या दिवशी कोर्टातून निघाले
तेव्हा काखेत एक चादर होती, घडी न मोडलेली.
वकील म्हणाला, एवढंच?
म्हटलं, वडलांनी विणलीय.

इरेश जकार्ड दुरुस्त करतो.
त्यानं चादर आधी उलटी केली.
मागं रंग जागा बदलतात, म्हणाला,
नक्षी तीच.
माझी उलटी बाजू
कुणी अशी उजेडाला धरली नव्हती.

लेक फोनवर विचारते, लोक काय म्हणतात?
म्हणतात.
टाक्या भरल्या की झोपतात.

काल माझ्या गुडघ्याला तेल चोळत होता,
आणि मी त्याच्या साठीचा हिशेब केला:
तेव्हा मी त्र्याहत्तर.
हसला नाही.
म्हणाला, तोवर पाणी रोज येईल.

एवढं एकच खोटं बोललाय आजवर.