हाताचं वळण

ह्राचुहीबाईंची गाडी, झिगुली, मॉडेल सहा,
रंग एकेकाळी निळा,
वानाद्झोरच्या उतारावर आमच्या खड्ड्यापाशी येऊन थांबली
तेव्हा मागच्या सीटवर मधाच्या अठरा बरण्या होत्या
आणि स्टिअरिंग उजवीकडे दोन बोटं कललेलं.

"डावीकडे ओढते," त्या म्हणाल्या,
जसं कुणी सांगावं, नवरा घोरतो.
"आजची नाही. बारा वर्षं झाली.
पण यंदा तपासणीवाला कागद देईना."

वराझदात उस्तादांनी गाडी जॅकवर घेतली,
चाक वर-खाली धरलं, हलवलं.
टक्.
परत हलवलं.
टक्.
"ये, हात लाव," मला म्हणाले.
झिजलेला बॉल जॉइंट म्हणजे सातव्या वर्षीचा दात,
जिभेनं ढकलला की कळतं:
आहे, पण त्याचं असण्यात लक्ष नाही.

मग तीन दिवस गंज.
गंजाला आम्ही तेल पाजलं, ज्योत दाखवली, शिव्या दिल्या.
नट निघाला तरी आतला टेपर सोडत नाही.
एका बाजूनं कितीही मारा, ऐकत नाही.
दोन हातोड्या लागतात, समोरासमोर, एकाच क्षणी.
मेक, येर्कु, येरेक, मी मोजायचो,
आणि तिसऱ्यावर दोघं.
सुटतं तेव्हा दिसत काहीच नाही.
फक्त लोखंडाचा आवाज बदलतो.

टाय रॉडचं टोक काढताना आटे मोजले: साडेतेरा.
भिंतीवर खडूनं लिहिले,
कुणाच्या तरी जुन्या उधारीखाली.
नवं टोक तेवढंच आत.
तो अर्धा आटा का, ते विचारायचं नसतं.

रबरी बुशला इथे सायलेंटब्लॉक म्हणतात.
मुका ठोकळा.
जुने काढले तर भेगाळलेले, एका अंगाला दबलेले.
नवे बसवून मी पाना लावला
आणि उस्तादांनी मनगट धरलं.
"चाकं लोंबकळताना आवळू नकोस.
गाडी खाली येऊ दे. भार येऊ दे.
मागे दोन पोती बटाटे टाक. मग शेवटचा पीळ.
नाहीतर रबर कायमचं पिळवटलेलं राहील,
गाडी नुसती उभी असली तरी."
ते गाडीबद्दलच बोलत होते.
उस्ताद नेहमी गाडीबद्दलच बोलतात.

चौथ्या दिवशी मासे धरायची दोरी चारी चाकांना ताणून
पुढची दोन मिलिमीटर आत घेतली.
ह्राचुहीबाई आल्या, बसल्या, गेल्या,
आणि चाळीस पावलांवर टायरवाल्याच्या नालीत उतरल्या.
उजव्या.

चालत परत आल्या. बुटांना चिखल.
"तुमचं सरळ वाकडं आहे."

उस्ताद काही बोलले नाहीत.
गाडी ढकलून काढली, त्यांना शेजारी बसवलं, मला मागे, बरण्यांच्या जागी.
केमिकल कारखान्याच्या बंद फाटकाकडे जाणारा तो लांब रस्ता,
तिथे त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले
आणि गाडी गेली,
वहीतली ओळ जाते तशी.

मी मागून बघत होतो.
शेजारच्या सीटवर, रिकाम्या हवेत,
ह्राचुहीबाईंचा हात
कशाला तरी उजवीकडे ओढून धरत होता.

त्यांनाही दिसलं. हात मांडीवर घेतला.
दुसऱ्या हातानं झाकला.

जुने सुटे भाग त्यांनी पिशवीत मागून घेतले.
काय करणार, ते सांगितलं नाही.
हिशेबातून चार बरण्या वजा.

गुरुवारी परत.
स्टिअरिंगच्या वरच्या मधोमध
जखमेवर लावतात ती चिकटपट्टी गुंडाळलेली.
"ही बरोबर वर दिसली की हाताला म्हणते, गप्प बस."
"बसतो?"
"घाटात बसतो. सपाटीवर विसरतो."

उस्ताद हसले नाहीत.
मला म्हणाले, चाक बघ.
मी वर-खाली धरलं, हलवलं,
कान लावून थांबलो.
काही नाही.

त्या मात्र अजून ऐकत होत्या.