कडी

इन्स्पेक्टर आले तेव्हा नोव्हेंबर होता.
बंद खाणीचा काळा ढिगारा
वर्गाच्या खिडकीतून नेहमीसारखा आत बघत होता.
दोन दिवस त्यांनी वह्या चाळल्या,
मागच्या बाकावर बसून काहीबाही टिपलं
आणि जाताना एक शब्द ठेवून गेले: अपुरी.
संध्याकाळी मी चिप्स आणायला गेलो
तर तो शब्द माझ्याआधीच रांगेत उभा.

नेरिस प्रॉसर. तीन वर्षांतली चौथी मुख्याध्यापिका.
मी इद्वल, इथला रखवालदार. चाव्या माझ्याकडे,
म्हणून मलाच म्हणाली, शाळा दाखवा.
दाखवली. हॉल, गळकं छत, छताखालची बादली,
कॉम्प्युटरची खोली, त्यातले चालू असलेले नऊ.
"आणि मुलींचं स्वच्छतागृह?"
ते कुणी बघायला मागत नाही, मी म्हणालो.

सहा दारं. कडी एकालाही नाही.

बाहेर टेलेरी भेटली, आठवीतली,
वर्गातून हाकललेली, नेहमीप्रमाणे.
मग तुम्ही करता काय गं, नेरिसनं विचारलं.
"पाणीच पीत नाही, मिस.
आणि त्या दिवसांत येत नाही."
बसची वेळ सांगावी
तितक्या सहज.

अठरा वर्षं मी या भिंती रंगवतोय.
हजेरीचा आलेख दर सत्राला
माझ्याच हातानं फळ्यावर टाचलाय.
त्यातला खड्डा मला या खोऱ्याच्या कपाळीचा वाटायचा,
खाण गेली तसं हेही, असं.
स्क्रू-ड्रायव्हर कायम खिशात होता माझ्या.

त्या रात्री सहा कड्या बसवल्या.
पैसे तिनं स्वतःच्या पर्समधून दिले.
एका दाराचं लाकूड इतकं कुजलेलं
की स्क्रू धरेना;
वडिलांच्या पेटीतला लांब खिळा काढून ठोकला,
खाणीतला.

कौन्सिलला धाडलेल्या आराखड्यात
पहिला मुद्दा होता: दारं.
तिथल्या साहेबांनी तो खोडून
'अध्यापनाची गुणवत्ता' लिहिलं.
चूक नव्हतं तेही.

आता मार्च. छत गळतंच आहे.
गणिताचे सर नाताळात गेले, ते गेलेच.
इन्स्पेक्टर पुन्हा येतील, काय म्हणतील देव जाणे.
पण आज मधल्या सुट्टीत
टेलेरी नळाला तोंड लावून पीत होती, पीतच होती,
हनुवटी, कॉलर, टाय, सगळं ओलं,
आणि मागे रांगेतल्या पोरी ओरडत होत्या,
आटप की गं.